विडी संपेपर्यंत

तुमचा सदरा दवाखान्यातून एका पिशवीत घालून दिला होता. ती पिशवी बरेच दिवस खुंटीला तशीच लटकत होती. येणारा-जाणारा तिच्याकडं बघायचा आणि नजर फिरवायचा. तुमच्या जलदान विधीच्या दिवशी सकाळी मी ती सोडली. सदऱ्याच्या खिशात विडीचं बंडल आणि काडेपेटी होती. बंडल निम्मं शिल्लक होतं. सदरा धुवून वाळत घातला. बंडल हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. फेकायला हात होईना आणि ठेवायचं कुठं ते कळेना. शेवटी दाराच्या वरच्या फळीवर ठेवलं.

तुम्हाला ठाऊक आहे, मी चौथीपर्यंतच शिकले. जोडाक्षरावर पेन अडतं. तरी लिहिते, कारण तुमच्याशिवाय मला कुणाशी बोलता यायचं नाही, आणि आता तुमच्याशीही यायचं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही.

चौथीत होते तेव्हा वर्गात पहिल्यांदा मोठी आकडी आली. मी पाटीवर पडले. गुरुजींनी वडिलांना बोलावून सांगितलं, बाकीची पोरं भितात, हिला घरीच ठेवा. झालं, शाळा संपली. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते, पण आईनं मला गुपचूप देवऋष्याकडं नेलं. त्यानं लिंबू उतरवलं. आकडी काही उतरली नाही. पुढं मी कुठंही पडले की तेच व्हायचं. कुणी चप्पल नाकाला लावायचं, कुणी कांदा फोडायचं, दोघं-तिघं बळानं मुठी उघडायचे. डोळे उघडले की वर तोंडांचं रिंगण दिसायचं. त्या तोंडांना मी आकडीपेक्षा जास्त भ्यायचे. भिता भिता माझं बोलणंच आटलं.

दादाच्या लग्नाला तुम्ही लोणीत मांडव घालायला आलात. पाहुण्यांपुढं तमाशा नको म्हणून आईनं मला मागच्या खोलीत बसवलं होतं. ज्वारीची पोती, पाण्याचा पिंप आणि मी. पुढं हळद चालली होती. मला फक्त मांडव बघायचा होता. मागच्या दारानं बाहेर आले, तर तुमच्या लाल-पिवळ्या कनाती तिथं घड्या करून ठेवलेल्या. मी हात लावला. तेवढंच आठवतं.

शुद्धीवर येताना आधी वास आला, विडीचा. मग डोक्याखाली मऊ लागलं. कनातीची घडी होती. मी कुशीवर होते. आणि थोडं लांब, माझ्याकडं पाठ करून, एक माणूस उकिडवा बसला होता.

“झालं,” तुम्ही म्हणालात. “काय न्हाई झालं. कपडं नीट करून घ्या. मी तिकडं बघतोय.”

तिथं तोंडांचं रिंगण नव्हतं. एक पाठ होती आणि तिच्यावरचा घामेजलेला सदरा. मी पदर नीट केला आणि रडले. तुम्ही वळला नाहीत. विडी विझवलीत आणि कनात घेऊन पुढं गेलात.

लग्नानंतर मी विचारलं होतं, काय करायचं ते तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही हसत सुटलात. “मला काय म्हाईत! लई घाबरलो व्हतो मी. काय करावं कळंना म्हनून विडी पेटवली. म्हनलं, ही संपंस्तोवर बाई उठली तर ठीक, न्हाईतर बोंब ठोकतो.”

“आन् कुशीवर?”

“ते तूच वळलीस. मी आपली घडी सरकवली.”

म्हणजे आपलं सगळं तुमच्या घाबरण्यातून सुरू झालं. मला ते फार आवडायचं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मांडव उतरवून गेलात आणि आठ दिवसांनी परत दारात. एक खुर्ची कमी भरली म्हणे. घरभर शोधली, मिळाली नाही. पुन्हा आलात. पुन्हा तीच खुर्ची. दादा म्हणाला, “ओ मांडववाले, एका खुर्चीपायी कळंबावरनं लोणीला? खुर्चीपरीस पेट्रोल जास्त जाळलं की.” तुम्ही म्हणालात, “माल हाय पावणं, सोडून कसा चालंल?” मी दाराआड होते. तुम्ही पाणी मागितलंत. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत पळाले.

पुढच्या खेपेला तुम्ही बाजेवर ऐसपैस बसलात. “खुर्ची काय घावत न्हाई,” म्हणालात. “तुमची बहीण द्या, मिटवून टाकू.”

दादा उठलाच. “चेष्टा करता का? तिला आकडी येती, म्हाईत हाय का?”

“म्हाईत हाय. बघितलीय.”

“दया करता व्हय आमच्यावर?”

“दया आली असती तर शंभराची नोट ठिवून गेलो असतो,” तुम्ही म्हणालात. “तीन खेपा कशाला मारल्या असत्या?”

आत ज्वारीच्या पोत्यावर बसून मी हे ऐकलं. माझ्या आकडीबद्दल कुणी एवढ्या साध्या आवाजात बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. जणू मला डाव्या हाताची सवय आहे, तेवढंच. खुर्च्या मात्र पूर्ण होत्या. ते मला तुमच्याबरोबर मांडव घालणाऱ्या बबन भाऊंनी सांगितलं, लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर.

तुमच्या घरात आले तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मोरीच्या दाराची कडी काढून टाकलीत. किती भांडले मी त्यावरून. बाईमाणसाला कडी लागते म्हणाले. तुम्ही म्हणालात, “पडलीस तर दार तोडू का?” मी दोन दिवस आंघोळ केली नाही. मग तुम्हीच तोड काढलीत. आंघोळ करताना मी अधूनमधून तांब्या बादलीवर वाजवायचा, बाहेर तुम्ही खोकायचं. मी टण् केलं की तुमचं खॉ. पलीकडच्या घरातून जाऊबाई ओरडायच्या, “काय गं संगे, आंघोळ करतीस का बँड वाजवतीस?” मी लाजून मरायचे. पण मोरीत बसल्यावर तुमचा खोकला ऐकला की पाणी जास्त ऊन लागायचं.

मंचरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बांधून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. त्यांनीच सांगितलं की तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, कुशीवर करून थांबायचं. तुम्ही माझ्याकडं बघून अशी मान हलवलीत, जणू तो शोध तुमचाच होता. मग ते तुम्ही आळीभर सांगत सुटलात. हापशावर, डेअरीवर, मांडवाच्या कामावरच्या माणसांना. “आमच्या मंडळीला फिट येती. पडली तर गर्दी करायची न्हाई. चप्पल कोन आनंल त्याला तीच चप्पल हाणीन. कुशीवर करायचं, लांब बसायचं आन् एक विडी वढायची. विडी संपंस्तोवर ती येती परत.”

आणि मी येत होते. हापशावर पडले, जाऊबाईंच्या ओसरीवर पडले, एकदा बाजारच्या दिवशी भर रस्त्यात पडले. दर वेळी डोळे उघडले की कुणीतरी पाठ करून बसलेलं असायचं. सगळ्या आळीला तुम्ही पाठ करायला शिकवलंत.

मी मात्र चिडायचे. माझा आजार तुम्ही का सांगत फिरता? तुम्ही म्हणायचात, मग तू सांग, तुझ्या तोंडानं सांग, लोक जास्त ऐकतील. मला नाही जमायचं, मी म्हणायचे. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, “मी नसलो म्हंजी?” मी ताट सारलं. असं बोलायचं नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, “आगं, बोललं म्हनून मानूस मरत न्हाई. पर न बोलल्यामुळं...” पुढचं मी ऐकून घेतलं नाही, परड्यात निघून गेले. ते वाक्य तुम्ही पुरं कसं करणार होतात ते आता कुणाला विचारू?

दुसरं भांडण विडीचं. रात्रभर छाती घरघरायची तुमची. सोडा म्हणाले की तुमचं ठरलेलं, “सोडली तर तुझं घड्याळ कोन?”

“भिंतीवर हाय की.”

“त्याला सेल लागतो. मला लागत न्हाई.”

मी हसायचे आणि विषय तिथंच मिटायचा. खरं सांगू? मी जोर कधी केलाच नाही. अंधारातून वर येताना मला आधी तो वास लागायचा. वास आला की कळायचं, जागा आपली आहे, माणूस आपला आहे. मग डोळे उघडले तरी चालायचं. त्या वासासाठी मी तुमची छाती घरघरू दिली.

आपल्याला मूल झालं नाही. गोळ्या बदलून बघू असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बदलल्या, तर आकड्या इतक्या वाढल्या की तुम्हीच म्हणालात, पुरे. “चालंल आपल्याला,” म्हणालात आणि बांबू मोजायला गेलात. त्या दिवशी तुम्ही तेच बांबू पुन्हा पुन्हा मोजत होतात, मी खिडकीतून बघत होते. खरंच चालेल का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही परत बोलला नाहीत.

तो दिवस मला बबन भाऊंनी सांगितला. माझ्या उंबऱ्याबाहेर बसून, मातीकडं बघत सांगितला. साखरपुड्याचा मांडव होता. उन्हाचे तुम्ही झालर बांधत होतात. शिडीवरून खाली आलात, पाणी मागितलंत आणि पाणी यायच्या आत बसकण मारलीत. मग आडवे झालात. अंग ताठलं, हात झटके खाऊ लागले, तोंडातून फेस आला. पलीकडून एकजण चप्पल घेऊन धावला. बबन भाऊंनी त्याला ढकललं. “मालक वरडत्यात चपलीला,” म्हणाले. तुम्हाला कुशीवर केलं. डोक्याखाली कनातीची घडी दिली. लोकांना मागं सारलं. मग लांब बसून, तुमच्याकडं पाठ करून, त्यांनी विडी पेटवली.

“तुमी शिकवल्यालं तसंच केलं वो वहिनी,” ते म्हणाले. तुमी म्हणजे आपण दोघं. “एकबी गोष्ट चुकवली न्हाई.”

विडी संपली. ते वळले. तुम्ही आला नव्हतात.

मग मांडवाची पिकअप काढली, मंचरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यातही असे झटके येतात. बबन भाऊंनी विचारलं, लगेच आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते ‘सांगता येत नाही’ बबन भाऊ घरी घेऊन आले. आता ते त्यांच्याकडंही आहे आणि माझ्याकडंही.

मला तुमचा राग येतो. मी दर वेळी परत येत होते, म्हणून तुम्हाला वाटलं की पडलेला माणूस परत येतोच. तुम्ही सगळ्यांना थांबायला शिकवलंत. कधी थांबायचं नाही, ते शिकवलं नाहीत. आणि मला तरी कुठं सुचलं? तुम्ही विडी ओढता ओढता ते सगळ्यांना सांगत होतात आणि मी बाजूला उभी राहून लाजत होते.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा जाऊबाईंनी मला दोन गोळ्या दिल्या. एक आजची आणि एक वरची. “घे गं बाय, आज तुला तरास नको.” मायेनंच दिल्या. मी भिंतीला टेकले आणि झोपले. तुम्हाला उचललं तेव्हा मी झोपेत होते. वंदना झाली, लोक गेले, परत आले, मी झोपेतच. जाग आली तेव्हा अंगणात फक्त तुमच्याच खुर्च्या होत्या. तुमचं तोंड मी शेवटचं पाहिलं ते सकाळी, चहाची बशी फुंकताना. हे जाऊबाईंना माफ करायला मला वेळ लागेल.

बायका कुजबुजत होत्या. बाईचा आजार गड्याला लागला, म्हणे. ते ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची सवय आहे.

मग चारेक दिवसांत मला आली, चुलीपुढंच. पण आता आळी तुमची राहिली नव्हती, भ्यायलेली आळी होती. चौघांनी हातपाय दाबून धरले. बबन भाऊंनी माझ्या दातांत चमचा घातला. तेच बबन भाऊ. पिकअपमध्ये टाकून मंचरला पळवलं. शुद्धीवर आले तर डिझेलचा वास, खांद्यात कळ आणि वर तोंडांचं रिंगण. इतक्या वर्षांनी तेच रिंगण. तोंडात काहीतरी खडा लागला म्हणून थुंकले, तर पुढचा दात अर्धा तुटून आलेला. बबन भाऊ गाडीच्या चाकाशी बसून लहान पोरासारखे रडत होते.

दादा म्हणाला, “विधी झाला की तुला घेऊन जातो. हितं कोन हाय तुझं?” वहिनीनं मागची खोली सारवून ठेवली होती. ज्वारीची पोती एका अंगाला लावून घेतली, असं तो सांगत होता, मला बरं वाटावं म्हणून.

विधीला सगळे आले. वंदना झाली, जेवणं उरकली. दादानं माझी पेटी लोणीहून आणलेल्या पिकअपमध्ये ठेवली. मी उंबऱ्यात उभी होते. अंगणात आळी उभी होती आणि सगळ्यांच्या मागं, कुंपणाला टेकून, बबन भाऊ. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. तुम्ही शिकवलेली पाठ वेगळी होती. ही पाठ भीतीची होती. मला वाटलं, आता मी गाडीत बसले की मेलेच. श्वास चालू राहील, पण मागच्या खोलीत.

फळीवरचं बंडल काढलं. एवढ्या माणसांपुढं मी जन्मात बोलले नव्हते.

“बबन भाऊ,” म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. “बबन भाऊ, तुमी त्यांचं ऐकलं. तुमचं चुकलं न्हाई.”

ते कुंपण सोडून पुढं आले, मान खाली घालून.

“मला फिट येती,” मी म्हणाले. सगळ्यांपुढं म्हणाले. तुम्ही जसं म्हणायचात तसं, साध्या आवाजात म्हणायचं होतं. तसं जमलं नाही, पण म्हणाले. “लहानपनापासून येती. लागत न्हाई कुनाला. मी पडले तर धरायचं न्हाई, चमचा घालायचा न्हाई. कुशीवर करायचं आन् थांबायचं. विडी संपली आन् मी उठले न्हाई, तर गाडी काढायची. पर दुसरं कोन पडलं, कधी फिट न आल्यालं मानूस, तर थांबायचं न्हाई. लगीच पळायचं. हे त्यांनी सांगायचं राह्यलं. माझ्याकडनं राह्यलं.”

मी बंडल पुढं केलं. बबन भाऊंनी हात मागं घेतला.

“वहिनी, मी सोडली विडी. त्या दिसापासनं तोंडाला लावली न्हाई.”

“वढू नका. नुसती पेटवून ठिवा.”

“न वढता विडी विझती, वहिनी.”

“मग वढा,” मी म्हणाले. “माज्यासाठी वढा.”

बबन भाऊंनी बंडल घेतलं. मग जाऊबाई पुढं आल्या, पिकअपमधली माझी पेटी खाली घेतली आणि दादाला म्हणाल्या, “जावा भाऊ तुमी. मोरीतला बँड मला ऐकू येतो भिंतीतनं. रोज ऐकलाय.” दादा चिडला. महिनाभर बघतो, म्हणाला. रिकामी गाडी घेऊन गेला.

हे सगळं तुम्हाला कळवायचं होतं. कडी अजून लावली नाही. आंघोळीला बसले की तांब्या वाजवते. पलीकडून जाऊबाई “हां” म्हणतात. ते तसं नाही. पण “हां” म्हणतात.

परवा आली, अंगणात, तुमचे बांबू रचून ठेवलेत तिथं. अंधारातून वर येताना आधी वास लागला. तोच, तुमच्या बंडलातला. मी डोळे मिटूनच राहिले. जागा आपली होती, माणूस आपला होता. तेवढ्यात खोकला ऐकू आला आणि तो खोकला बबन भाऊंचा होता.

वास आणि खोकला यांच्या मधे तुम्ही होतात. फार वेळ नव्हतात, पण होतात.

“झालं वहिनी,” ते म्हणाले. “काय न्हाई झालं. मी तिकडं बघतोय.”

मी पदर नीट केला. बंडलात आता थोड्याच उरल्यात.